पेणमध्ये पेणकर नसतो

पेणच्या एसटी स्टँडवर उभं राहून ‘इथे पेणकर कुठे राहतात हो?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या पिशवीकडे बघेल. पेणमध्ये सगळेच पेणचे. तिथे कुणाला पेणकर म्हणायची गरजच पडत नाही. पेणकर व्हायचं तर आधी पेण सोडावं लागतं. मुंबईला, पुण्याला, निदान पनवेलला तरी जावं लागतं. तिथल्या नव्या शेजाऱ्यानं ‘कुठले तुम्ही?’ असं विचारलं की ‘पेणचे’ हे उत्तर हळूहळू कपाळाला चिकटतं आणि दोन पिढ्यांत त्याचं आडनाव होतं. कोकणातलं ‘कर’ लावलेलं प्रत्येक आडनाव म्हणजे कुणीतरी कधीतरी गाव सोडल्याचा पुरावा असतो.

हे आपल्या रोजच्या सवयीचं आहे, म्हणून त्याचं काही वाटत नाही. पण एक समाज असा आहे की ज्याच्या बाबतीत या ‘कर’ची गंमत दुप्पट होते. किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, चेऊलकर, घोसाळकर, तळकर, वाक्रुळकर, आपटेकर, पोयनाडकर ही आडनावं वाचून कुणालाही वाटेल की जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या मतदारयादीचं एखादं पान समोर आहे. यातली बरीचशी आडनावं आगरी, कोळी, मराठा, कायस्थ, ब्राह्मण अशा कुणाचीही असू शकतात आणि आहेतही. पण हीच आडनावं लावणारी काही घरं शनिवारी चूल पेटवत नसत आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करत. ती घरं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची. अशी गावावरून पडलेली शंभराहून अधिक आडनावं त्यांच्यात आहेत.

आता प्रश्न असा, की जो समाज समुद्रापलीकडून आला असं स्वतःच सांगतो, त्याच्या आडनावात त्या पलीकडच्या मुलखाचा मागमूस कसा नाही? गॅलिलीकर नाही, येमेनकर नाही. आहे ते वाक्रूळ आणि पोयनाड.

आधी त्यांची गोष्ट ऐकू. अलिबागच्या उत्तरेला किहीमजवळ नवगाव आहे. फार पूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीचे बुडाले. जी प्रेतं किनाऱ्याला लागली ती नवगावात पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली, बायकांची दुसऱ्या. पोथ्या समुद्रात गेल्या, सामान गेलं. वाचलेल्यांपैकी कुणालाही पूर्ण प्रार्थना येत नव्हती. लक्षात राहिली ती एकच ओळ, ‘शमा इस्रायल’ने सुरू होणारी. जन्म असो, लग्न असो की मयत, पुढची कित्येक शतकं ते तीच म्हणत राहिले.

मराठी वाचकाला यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. चित्पावनांच्या उत्पत्तीची कथाही याच किनाऱ्यावरची. परशुरामाला समुद्राकाठी चौदा प्रेतं सापडली, त्यांना त्यानं चितेवर पवित्र करून उठवलं, अशी ती सह्याद्रिखंडातली कथा. एकीकडे चौदा प्रेतं, दुसरीकडे चौदा वाचलेले. कुणी कुणाची उसनी घेतली यावर बराच काथ्याकूट झाला आहे. मला त्यात फारसा रस नाही. कोकणाला आपले पूर्वज समुद्रातूनच वर काढायला आवडतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

गलबत कधी फुटलं? हाइम सॅम्युअल किहीमकर या मुंबईच्या गृहस्थानं आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. लिखाण १८९७च्या सुमाराचं. छापून व्हायला १९३७ साल उजाडलं आणि तेही तेल अवीवमध्ये. तोवर किहीमकरांना जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती. त्यांनी तारीख दिली इसवी सनापूर्वी १७५. त्यामागचा तर्क वकिली थाटाचा होता. बेने इस्रायलींना हनुका हा सण माहीत नव्हता. हनुका सुरू झाला इसवी सनापूर्वी १६५च्या आसपास, जेरुसलेमचं मंदिर परत मिळवल्यावर. म्हणजे यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत. तर्क चलाख आहे. पण ज्यांच्या पोथ्या बुडाल्या आणि ज्यांना एक ओळ सोडून बाकी प्रार्थनाही आठवत नव्हत्या, त्यांना एक सण आठवला नाही म्हणून तो त्यांच्या काळी नव्हताच, असं कसं म्हणता येईल? दुसरे कुणी म्हणाले येमेनहून आले, कुणी म्हणाले इराणहून, पाचव्या-सहाव्या शतकात. कागद कुणाकडेच नाही. १७३८ साली एका मिशनऱ्याच्या पत्रात या किनाऱ्यावरच्या तेली म्हणवणाऱ्या ज्यूंचा उल्लेख सापडतो. लेखी पुरावा म्हणतात तो साधारण तिथून सुरू होतो.

तेली कशावरून? तर गावोगावी त्यांचा घाणा होता. तीळ, खोबरं, जे पिकेल त्याचं तेल काढायचं. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे, शंकराला मानणारे तेलीही याच भागात होते. गावाला या दोन तेल्यांत फरक वाटला तो एवढाच, की यांची सुट्टी वेगळ्या वारी. ते देवळात जात नाहीत, शिंपी-गुरव-कुणबी यांच्याशी सोयरीक करत नाहीत, यात कोकणातल्या गावाला नवल काय? सोयरीक तिथे कुणीच कुणाशी करत नव्हतं.

त्यांचे सण जर नीट ऐकले तर विसरणं आणि सांभाळणं एकाच घरात कसं नांदतं ते कळतं. हिब्रू नावं विसरली गेली, पण दिवस विसरले नाहीत. मग त्या दिवसांना मराठी नावं मिळाली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा उपास, ज्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचं, तो ‘दारफळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी उठून भीक-दान द्यायचं आणि गाठीभेटी घ्यायच्या तो ‘शिळा सण’. पुरीम जवळजवळ होळीच्याच सुमाराला येतो, त्याला सरळ ‘होळीचा सण’ म्हटलं. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या तिथीचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. त्या दिवशी पानात वालाचं बिरडं असायचं. मोड आलेल्या वालाची साल एक एक करून काढत बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. दोन हजार वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिराचा शोक तिच्या बोटांत होता, आणि तिला त्या मंदिराचं नाव माहीत नव्हतं.

सगळ्यांत मला आवडतो तो ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे तोंडी लावायचा एक आंबट पातळ पदार्थ. तो बरणीत भरलेला असे. वसंतातल्या त्या आठ दिवसांत बरणीचं तोंड झाकून ठेवायचं, तिला हात लावायचा नाही. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. हा खरा तर पेसाह, मिसरमधून सुटल्याचा सण. त्यात आंबवलेलं काही खायचं नसतं. मोझेस विसरला गेला, फेरो विसरला गेला, फाटलेला समुद्र विसरला गेला. बरणी मात्र झाकलेली राहिली.

म्हणजे ओळख आडनावात नव्हती. ती बरणीत होती, घाण्याच्या सुट्टीत होती आणि माशांच्या खवल्यांत होती. माशांची गोष्ट अशी की डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू या किनाऱ्यावर आला. हे शनवार तेली खरोखर आपलेच का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांना मिश्र मासळी दिली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बिनखवल्याचे बाजूला सारले, कारण ते आपण खात नाही. रहाबीची खात्री पटली. त्यानं तिघा तरुणांना धर्म शिकवला आणि काझी नेमलं. त्या तिघांची घराणी झिराड, शापूरकर आणि राजपूरकर. समाज सांगतो की हे हजारेक वर्षांपूर्वी घडलं. इतिहासकारांना त्यात अठराव्या शतकातला कोचीचा रहाबी दिसतो. आठशे वर्षांचा फरक काही थोडाथोडका नव्हे. पण परीक्षा कुणाची घेतली ते पाहा. वंशावळ मागितली नाही, पुरुषांना काही विचारलं नाही. चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या हातावर निकाल दिला. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

गावात असताना आडनावाची गरज नव्हती. माणूस स्वतःचं नाव आणि बापाचं नाव सांगे. ही नावंही कोकणी तोंडात घोळून गुळगुळीत झाली होती. शमुएलचा समाजी झाला, यहेझकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, इसहाकचा इसाजी, एलियाहूचा एलोजी, मोशेचा मुसाजी. जुन्या कागदात ‘समाजी बिन हसाजी’ असं वाचलं तर तो ज्यू आहे हे ओळखायला सराव लागतो. शिवाजी, संभाजी, तानाजी यांच्या पंगतीत तो सहज बसून जातो.

मग मुंबई आली. कंपनी सरकारनं बेट वाढवायला घेतलं, तसे कुलाबा जिल्ह्यातले लोक तिकडे जाऊ लागले. बेने इस्रायलींपैकी पहिलं कुटुंब १७४६ साली गेलं असं सांगतात. ते दिव्याचं होतं, म्हणून झालं दिवेकर. पाठोपाठ इतर गेले. सुतारकाम, गवंडीकाम करणारे बरेच होते, पण खरी ओढ होती ती पलटणीची. पगार रोख, बढती सुभेदारापर्यंत.

याच दिवेकर घरातले समाजी हसाजी. कंपनीच्या फौजेत ते सुभेदार झाले. पलटणीच्या इंग्रजी कागदांत त्यांचं नाव सॅम्युअल इझिकिएल. घरी समाजी, बापाच्या नावानं हसाजीचा, गावावरून दिवेकर. एका माणसाची तीन नावं झाली आणि तिन्ही खरी. वंशावळ शोधणाऱ्याची पहिली ठेच इथेच लागते. सॅम्युअल इझिकिएल आणि समाजी हसाजी दिवेकर हे दोन वेगळे लोक समजून तो दोन फांद्या काढतो.

म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत समाजी टिपूच्या कैदेत पडले. कथा अशी की कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्रायल’ सांगितलं. टिपूच्या आईनं कुराणात ‘बनी इस्राईल’ वाचले होते, पण डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. तिनं रदबदली केली आणि जीव वाचला. खरं-खोटं बाजूला ठेवू. सुटून आल्यावर समाजींनी नवस फेडावा तसं प्रार्थनामंदिर बांधलं, हे मात्र दगडविटांत उभं आहे. मांडवीला, १७९६ साली. नाव ‘शआर हारहमीम’, दयेचं द्वार. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युअल स्ट्रीट. पुढे १८४० नंतर दुसरं झालं, तेव्हा लोक याला ‘जुनी मशीद’ आणि त्याला ‘नवी मशीद’ म्हणू लागले. प्रार्थना करायची, मूर्ती नाही, म्हणजे मशीदच, असा साधा हिशोब. जवळच्या मशीद स्टेशनचं नाव या ‘जुन्या मशिदी’वरून पडलं, असं बेने इस्रायली लोक सांगत आले आहेत.

समाजी रस्त्याला नाव देऊन गेले, पण त्यात दिवेकर नाही. पुढच्या शंभर वर्षांत हेच सगळ्यांचं झालं. पलटणीच्या हजेरीपटावर स्वतःचं आणि बापाचं नाव पुरत होतं. मिशनच्या शाळा आल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, म्हणजे मराठी बोलणारा मुलगा आपल्या पूर्वजांची भाषा एका स्कॉटिश पाद्रीकडून मराठीत शिकू लागला. त्या शिक्षणानं समाजींचे पुन्हा सॅम्युअल झाले आणि हसाजींचे इझिकिएल. शाळेत नाव घालताना बापाचं नाव शेवटी आलं आणि इंग्रजी पद्धतीनं तेच आडनाव मानलं गेलं. गाव गळालं.

त्यामुळे आपल्या ओळखीची काही माणसं आपल्याला ओळखू येत नाहीत. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. एलिजा मोझेस हे १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. त्यांचं आडनाव राजपूरकर, त्याच तीन काझी घराण्यांपैकी एकाचं. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? पडद्यावर नुसतं ‘डेव्हिड’ असं नाव लावणारे ते डेव्हिड अब्राहम म्हणजे चेऊलकर. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकिएल यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. ते तळकर. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट ज्या नाटकावरून निघाला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर. म्हणजे चौल, तळे, पेण आणि राजपुरी या गावांनी मुंबईला एक महापौर, एक नट, एक कवी आणि पहिल्या बोलपटाची गोष्ट दिली आणि गावांना त्याची पावतीही मिळाली नाही. झिराडांनी मात्र ‘कर’ लावलाच नाही. अलिबाग-रेवस रस्त्यावरचं झिराड जसंच्या तसं आडनाव म्हणून चालवलं. डॉ. जेरुशा झिराड यांच्यामुळे ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जगात गेलं.

आडनाव गळालं तरी माणूस मराठीच राहिला, हे मुद्दाम सांगायला हवं. १८७४ साली पुण्यात एक हग्गादा छापली गेली. पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि शेजारी मराठी. तिच्यातल्या चित्रांत बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. त्या जमिनीवर बसल्या आहेत आणि लुगडी नेसल्या आहेत. १८८०च्या सुमाराला बेने इस्रायलींनी कीर्तनंही सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या-दिंड्या सगळं यथासांग, फक्त आख्यान योसेफाचं किंवा मोशेचं. अनशी ढाकाच्या सणातला विसरलेला मोशे शेवटी परत आला तो कीर्तनातून, झांजा वाजवत.

१९४७च्या आसपास या समाजाची संख्या वीस हजारांच्या घरात होती. १९४८ला इस्रायल झालं आणि माणसं निघाली. कुणी हाकललं नव्हतं. या देशात ज्यू म्हणून त्यांचा कुणी छळ केला नाही, हे ते स्वतःच आवर्जून सांगतात. पलटणी बदलत होत्या, रेल्वे आणि कस्टममधल्या नोकऱ्यांचं पुढे काय होईल ही काळजी होती, आणि प्रार्थनेत रोज ज्या गावाचं नाव घेतलं त्या गावाला जाता येत होतं. अलिबागची इस्रायल आळी, पनवेल, पेण, रेवदंडा इथली घरं एकेक करून बंद झाली.

पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा मागे उरलेलं गाव नावाला चिकटलं होतं. दुसऱ्यांदा सोडताना पासपोर्टवर कुणाचं पेणकर गेलं, कुणाचं नुसतं सॅम्युअल. सख्ख्या चुलतभावांची दोन आडनावं झाली. पलीकडे उतरल्यावर ते हिब्रूत लिहायचं. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पेणकर आणि पिनकर एकाच अक्षरांत बसतात. शिवाय हिब्रूत ‘कर’ म्हणजे थंड. दिमोनाच्या वाळवंटात, जिथे सरकारनं यातल्या पुष्कळांना नेऊन ठेवलं, तिथे ‘थंड’ आडनावाचा माणूस गिरणीत काम करत होता आणि त्याच्या आडनावातलं गाव कोणत्या खाडीकाठचं आहे हे तिथल्या कुणाला माहीत नव्हतं.

सगळं गोड नव्हतं. नोकऱ्या हलक्या, वागणूक हलकी. काहींनी सरळ धरणं धरलं की आम्हाला आमच्या देशी परत पाठवा, आणि देशी म्हणजे हिंदुस्थानात. १९५२ साली शंभराहून अधिक जणांना खरंच परत आणण्यात आलं. त्यातले बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

आणि मग तो प्रश्न आला ज्यासाठी मी हा एवढा लांबचा रस्ता धरला. लग्नं इस्रायलमध्ये धर्मपीठाच्या हातात असतात. बेने इस्रायली मुलगा आणि इतर ज्यू मुलगी यांचं लग्न लावायचं की नाही यावरून रब्बी अडू लागले. हे लोक इतकी शतकं एकटे राहिले, यांचे घटस्फोट, पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले का? मध्येच कुणी परधर्मी बाई घरात आली नव्हती कशावरून? १९६१ साली मुख्य धर्मपीठानं तत्त्वतः परवानगी दिली. १९६२च्या फेब्रुवारीत मात्र सूचना काढल्या, की अशा लग्नाआधी आईची, आजीची आणि तिच्या मागे जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी.

आईची! ज्यू धर्मात वंश आईकडून मोजतात. इथे पेणकर, रोहेकर, किहीमकर सगळेच निरुत्तर झाले. आडनाव बापाचं. गाव बापाचं. कबरीवर लिहिलेलं नाव बापाचं, आणि बाईच्या कबरीवर नवऱ्याचं. कोकणातून आणलेला सगळा वारसा पुरुषांच्या रांगेत लावलेला होता. आजीचं माहेर कुठलं म्हणून विचारलं तर फार तर ‘आपट्याची होती’ एवढं आठवणार, आणि पणजीचं तेवढंही नाही. हजार वर्षं सांभाळलेली बरणी आणि वेगळे काढलेले मासे कुठल्या रकान्यात भरायचे?

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर लेख अर्धवट राहील. हीच चौकशी हा समाज स्वतः घरात करत आला होता. ‘गोरे इस्रायली’ आणि ‘काळे इस्रायली’ असे दोन तट त्यांच्यात होते. ज्या पुरुषानं परजातीच्या बाईशी संबंध ठेवला त्याची संतती काळी. तिच्याशी बेटीव्यवहार नाही, प्रार्थनेत मानाची जागा नाही. हे त्यांनी इजिप्तहून आणलं नव्हतं. हे आपल्याकडून घेतलं होतं, आपल्याच गावकुसातून. ज्या चाळणीनं त्यांनी आपल्यातल्या काहींना बाहेर काढलं तीच चाळणी घेऊन आता जेरुसलेमचे रब्बी दारात उभे होते.

यावेळी मात्र समाज एकत्र उभा राहिला. १९६४च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायली जेरुसलेमला आले आणि धरणं धरून बसले. लहान मुलं, म्हातारी माणसं, पातळ नेसलेल्या बायका. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं सांगितलं की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. धर्मपीठानं महिनाअखेर सूचनांतून त्यांचं नाव काढलं आणि ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल असे’ अशी सर्वसाधारण शब्दरचना घातली. चौकशी संपली नाही, पण तिच्यावरचा समाजाच्या नावाचा शिक्का पुसला गेला.

अलीकडे रक्तालाही विचारून झालं. २०१६ साली एका अभ्यासात बेने इस्रायलींच्या जनुकांची इतर ज्यूंशी आणि भारतीयांशी तुलना केली. निष्कर्ष असा, की दोन्हीकडचा वारसा भरपूर आहे. पश्चिम आशियातला वाटा पुरुषांकडून अधिक आला आणि स्थानिक वाटा स्त्रियांकडून. हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे ढोबळ मानानं साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा. किहीमकरांची इसवी सनापूर्वीची तारीख त्यात बसत नाही. नवगावला सात बायका वाचल्या होत्या, हेही जरा अवघड होतं. बहुधा गलबतातून पुरुष उतरले आणि बायका किनाऱ्यावरच्या होत्या. मग त्या बायकांनी परक्या नवऱ्याचा उपास आपल्या बिरड्यात घातला, त्याचा सण आपल्या बरणीत झाकला आणि खवल्याचे मासे वेगळे काढायची शिस्त मुलींना लावली. रब्बी ज्यांची चौकशी करायला निघाले होते त्यांनीच हा धर्म टिकवला, असं मला वाटतं. रहाबीनं योग्य जागी परीक्षा घेतली होती.

आज भारतात या समाजाची जेमतेम चार-पाच हजार माणसं असतील. इस्रायलमध्ये ती कितीतरी पटींनी अधिक आहेत, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमधल्या नव्या पिढ्या अलिबागला येतात, नवगावच्या दफनभूमीतल्या स्मारकापाशी उभ्या राहतात, सागावजवळच्या खंडाळ्याला खडकावरच्या त्या खुणा पाहतात ज्यांना समाज एलियाहू नबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा मानतो, आणि पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं घातलेला मलिदा खातात. मग विचारतात, आमचं मूळ गाव कुठलं? ज्याचं आडनाव रोहेकर आहे त्याला एसटीत बसवून देता येतं. ज्याचं नुसतं सॅम्युअल किंवा रुबेन उरलं आहे त्याला आजोबांच्या कबरीवरचा मराठी मजकूर शोधावा लागतो. हिब्रू ओळींच्या खाली बहुधा पूर्ण नाव आणि आडनाव कोरलेलं असतं. सिनेगॉगमधले लग्नाचे करार आणि जुनी नोंदवही हा दुसरा मार्ग. समाजी, हसाजी, अबाजी हे शब्द ओळखायची सवय लावली, तर कुलाब्याच्या जुन्या खरेदीखतांतही माणसं भेटतात.

आजीपर्यंत मात्र यातलं काहीच पोचवत नाही. हे फक्त ज्यूंचं नाही, तुमचं-माझंही तेच आहे. तुमच्या घरी कुळाची वही असेल, तर तिच्यात आजीचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव आजच लिहून ठेवा. पणजीचंही, कुणाला अजून आठवत असेल तर.